दोन बोटं खिडकी

कालपासून धुकं पडायला लागलंय. सकाळी उठलो तर बैठकीची खिडकी दोन बोटं उघडी आणि फटीत लाकडाचा ठोकळा बसवलेला. कमळनं, म्हणजे माझ्या बायकोनं, उठल्या उठल्या ते काम उरकलं होतं. पूर्वी मी तडक जाऊन खिडकी लावली असती. आता लावत नाही. कुणाला भिऊन नाही. पण ती खिडकी आमच्या घरात एका बाईंनी उघडून ठेवली आणि त्या बाई आता इथं नाहीत. ती लावायची म्हणजे दुसऱ्याच्या वस्तूला न विचारता हात लावल्यासारखं वाटतं.

बाईंचं नाव सुगंधा साळवे. पण या नावानं आमच्या गल्लीत विचाराल तर कुणी घर दाखवणार नाही. दूधवाला, इस्त्रीवाला, समोरचे सरदारजी, सगळ्यांच्या त्या ‘सिस्टरजी’. मूळच्या नगरकडच्या, मराठी ख्रिस्ती. दिल्लीत सरकारी नोकरीत नर्स म्हणून सगळा जन्म गेला. आर. के. पुरमच्या क्वार्टरात राहायच्या. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा फरीदाबादेत आमच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं आल्या. घर माझं आहे. मी साताऱ्याकडचा, शाळा चौथीपर्यंत, त्यानंतर लेथ मशीन. कारखान्यात उभा राहून राहून हे घर बांधलंय. इथं मला जाधव कुणी म्हणत नाही, मिस्त्री म्हणतात, आणि मला ते साहेब म्हणण्यापेक्षा बरं वाटतं. सिस्टरही मिस्त्रीच म्हणायच्या. मात्र त्यांच्या तोंडून ते ऐकलं की आता काहीतरी काम सांगणार, एवढं कळायचं.

पहिल्यांदा खाली आल्या त्या पाण्याची मोटर कधी लावता हे विचारायला. जानेवारीतली संध्याकाळ होती. आम्ही दारं-खिडक्या लावून, गरम हवेचा ब्लोअर चालू करून बसलो होतो. कमळ रजईत, खोकत. तिला दमा आहे. सिस्टर आत आल्या, कमळकडं बघितलं, मी ‘बसा’ म्हणतोय तोवर सरळ खिडकीपाशी गेल्या आणि कडी काढली. फटीत दोन बोटं घालून बघितली आणि मग येऊन बसल्या.

मी म्हणालो, “बाई, थंडी आत येतेय.”

“थंडीचं मी बघते. आतली हवा बाहेर जाऊ द्या.”

“हिला गारठा बाधतो. मग ताप येतो.”

“गारठ्यानं फ्लू होत नाही, मिस्त्री. माणसांनी होतो. आज कोण कोण येऊन गेलं?”

कमळनं नावं सांगितली. मोलकरीण, तिची लेक, सरदारजींची सून, इथल्या मराठी मंडळाचे दोघं वर्गणीला. मोलकरणीची लेक शिंकत होती, हेही सांगितलं. सिस्टर नुसत्या ‘बरं’ म्हणाल्या.

ते ‘बरं’ मला तेव्हा कळलं नव्हतं. सिस्टर वाद घालत नसत. आपण कितीही बोललो तरी शेवटी ‘बरं’ म्हणायच्या. मला वाटायचं, बाई हरल्या. दुसऱ्या दिवशी बघावं तर त्यांना करायचं होतं तेच झालेलं असायचं.

ठेंगण्या, भरल्या अंगाच्या. साडीवर पुरुषी स्वेटर आणि पायात पांढरे कापडी बूट. खांद्याजवळ पिन लावून उलटं घड्याळ अडकवलेलं, नोकरी गेली तरी ते गेलं नव्हतं. जिना चढताना गुडघे दुखायचे म्हणून प्रत्येक पायरीवर एक शिवी घालायच्या, पण ती इतकी सभ्य असायची की ऐकणाऱ्याला प्रार्थना वाटावी. माकडटोपीवर त्यांचा राग. “कान झाकलेत आणि नाक उघडं. फ्लू काय कानातून जातो?” शिंकायचं तर हाताच्या कोपरात, हे त्यांनी सरदारजींनासुद्धा शिकवलं होतं. खोकल्याचा आवाज आला की जिन्यातूनच हाक यायची, “कोण ते?” आणि खोकणारा गप्प व्हायचा.

आमच्या दाराबाहेर एक नळ आहे. सिस्टरांनी संत्र्याच्या जाळीत साबण घालून ती जाळी त्या नळाला बांधली. बाहेरून येईल त्यानं आधी तिथं हात धुवायचे. किती वेळ? तर कमळला सांगितलं, आरतीचं एक कडवं म्हणून होईपर्यंत. स्वतः त्या त्यांच्या प्रार्थनेतलं कडवं पुटपुटायच्या. सरदारजी त्यांचं काहीतरी म्हणायचे. सकाळी आमच्या नळावर सगळे देव येऊन जायचे. मी म्हणालो, आम्ही कारखान्यात ग्रीसचे हात भुशानं घासलेत, मला शिकवू नका. सिस्टर म्हणाल्या, “बरं.” दुसऱ्या दिवशी जाळी माझ्या उंचीला बांधलेली होती.

त्या खिडकीचंही तसंच. वाऱ्यानं आपटायची, म्हणून मी एक ठोकळा केला, फटीत बसेल असा. खरं तर फट जास्त वाढू नये म्हणून केला होता. सिस्टर आल्या, ठोकळ्याशेजारी आपली दोन बोटं धरली आणि माझ्याकडं बघितलं.

“मिस्त्री, तुम्ही करंगळ्या मोजल्यात का?”

दुसरा करावा लागला. दिवाळीनंतरच्या धुराच्या दिवसांत मी पुन्हा भांडलो, बाहेर विष आहे, सरकारसुद्धा सांगतंय घरात बसा. त्यावर म्हणाल्या, धूर दाट असेल तेव्हा लावून ठेवा, दुपारी ऊन पडलं की उघडा. पण घरात चार माणसं आली की लगेच उघडायची, मग कुठलीही वेळ असो. बाहेरचा धूर निदान दिसतो तरी, म्हणाल्या.

आता कमळचं सांगतो, कारण त्याशिवाय हे सगळं कशासाठी, ते कळणार नाही. इथं लग्न होऊन आल्यापासून कमळला एकच हौस, संक्रांतीचं हळदीकुंकू. मुलुख सोडून आलेल्या बायका, वर्षातून एकदा आपल्या घरी मराठीत बोलायला जमतात, तो तिचा दिवस. पण दमा वाढला तसा दर जानेवारीत तिला फ्लू गाठायचा आणि ताप छातीत उतरायचा. आम्ही संक्रांतीला हॉस्पिटलात. वाण मात्र ती आधीच आणून ठेवायची. गाळण्या, डबे, साबणदाण्या, सगळं फळीवर तसंच राहायचं. सिस्टर आल्या त्या पहिल्या हिवाळ्यातही तेच झालं. खिडकी उघडेपर्यंत उशीर झाला होता. मोलकरणीच्या लेकीची शिंक कमळला लागलीच, आणि संक्रांत पुन्हा खाटेवर गेली.

कमळला हॉस्पिटलातून घरी आणल्यावर सिस्टर तिला बघायला आल्या. त्यांची नजर फळीवर गेली.

“हे काय, दुकान काढताय?”

कमळनं सांगितलं. सांगताना रडली नाही, हसलीच. ते मला जास्त लागलं. सिस्टरांनी एक गाळणी काढून पुसली आणि परत जागेवर ठेवली.

“पुढच्या संक्रांतीला तुमचं हळदीकुंकू करायचं,” म्हणाल्या. “तुम्ही आणि मी. मिस्त्रींना विचारायचं नाही.”

मी तिथंच बसलो होतो.

त्यातच पेल्याचं प्रकरण झालं. सिस्टर कुठंही गेल्या की पिशवीतून स्वतःचा स्टीलचा पेला काढायच्या. आमच्याकडं चहा, तोही त्यांच्याच पेल्यात. मंडळाच्या कार्यक्रमात पाणी, तेही त्याच पेल्यात. बायकांत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणे, बाईला आपल्या भांड्यांची किळस येते. कुणी म्हणे, ख्रिस्ती आहेत, आपण वेगळी भांडी ठेवू असं त्यांना वाटत असेल, म्हणून आधीच सोय करून येतात. कमळच्या मनाला ते फार लागलं. एके दिवशी तिनं आमच्या लग्नातला पेला काढला, चिंचेनं घासला, त्यात चहा ओतून सिस्टरांपुढं ठेवला आणि म्हणाली, “सिस्टर, आमच्या घरात असलं काही नाही हो. माझ्या सासूच्या वेळीसुद्धा नव्हतं.”

सिस्टरांना आधी कळेचना. कळलं तेव्हा हसत सुटल्या, इतक्या की उलटं घड्याळ हलायला लागलं.

“अहो कमळबाई, माझं आयुष्य वॉर्डात गेलं. तिथं एक कप दहा जणांत फिरला की दहाच्या दहा आडवे. पेला तुमच्यापासून वेगळा नाही. तापापासून वेगळा आहे.” मग तो लग्नातला पेला उचलून सगळा चहा प्यायल्या. “हे आजच्यापुरतं. उद्यापासून तुम्हीही आपला पेला वेगळा ठेवायचा. मिस्त्रींच्या कपातला उरलेला चहा प्यायचा नाही.”

“मी कधी पिते?” कमळ म्हणाली.

“रोज पिता. वरून दिसतं.”

त्या पेल्यातूनच पुढच्या वर्षीचं वाण निघालं. कमळ म्हणाली, सगळ्याजणींना पेलेच देऊ, आणि यांच्याकडून नाव घालून घेऊ. नावं घालायचं यंत्र माझ्याकडं आहे. शाळा कमी झाली, पण माझं अक्षर स्टीलवर बघावं. आता वाणाच्या भांड्यावर देणारीचं नाव असतं, ‘सौ. कमळ जाधव यांजकडून’. मी तसा एक पेला करूनही टाकला. सिस्टर म्हणाल्या, असं कसं? सगळ्या पेल्यांवर कमळबाईंचं नाव, मग कुणाचा कुठला हे कळणार कसं? घेणारीचं नाव घाला.

“अशी रीत नाही,” मी म्हणालो.

“बरं,” सिस्टर म्हणाल्या.

मी घेणारीचं नाव घातलं. प्रत्येकीचं, एकाही काना-मात्रेची चूक नाही.

दसऱ्याच्या सुमाराला सिस्टरांनी फ्लूच्या सुईचा विषय काढला. डॉक्टरला विचारून कमळला घेऊन गेल्या, सरदारजींच्या घरातल्यांना नेलं, मोलकरीण आणि तिच्या लेकीलाही. हा आजार दरवर्षी नवं सोंग घेऊन येतो, म्हणून दरवर्षी नवी सुई, असं त्यांचं सांगणं. आणि ती लागू व्हायला दोनेक आठवडे जातात, म्हणून थंडीच्या आधी. खात्री देत नसत. “घेऊनही होऊ शकतो. पण झाला तर बहुतेक अंगावर निभावतो, छातीत कमी उतरतो,” एवढंच म्हणायच्या. कमळच्या काढ्याबद्दलही तसंच. प्यायच्या आवडीनं, आणि वर म्हणायच्या, “चव छान आहे. फ्लू मात्र याला विचारत नाही.”

मी सुई घेतली नाही. मला उभ्या आयुष्यात ताप आलेला नाही.

“ही तुमच्यासाठी नव्हेच, मिस्त्री. तुम्ही बाहेरून आणाल आणि कमळबाईंना द्याल.”

“मी बाहेरून भाजी आणतो.”

“बरं.”

जानेवारी लागला. कमळ बरी होती. तीळ आले, गूळ आला, पेले पुसून रांगेत लागले. संक्रांत चार दिवसांवर आली असताना मी गुरुग्रामला एका पार्टीला गेलो. आमचा मुलगा तिकडंच नोकरीला असतो, त्याच्या साहेबाच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती. बंद हॉल, हजारभर माणसं, सगळी एकमेकांच्या गळ्यात. परत आलो आणि दुसऱ्या दिवशी खोकला सुरू झाला. अंग मोडल्यासारखं झालं, तेही थोडंच.

“कोण ते?” जिन्यातून हाक आली.

मी गप्प बसलो. सिस्टर खाली आल्या.

“कसला खोकला हा?”

“धुळीचा. रस्ता खणलाय तिकडं.”

त्यांनी न विचारता माझ्या कपाळावर हाताची उलटी बाजू टेकवली. “धुळीला ताप आलाय. उठा, वर बरसातीत चला.”

बरसाती म्हणजे गच्चीवरची एक खोली. तिथं माझी हत्यारं असतात. मी म्हणालो, हे माझं घर आहे, मला माझ्या घरातून कुणी उठवणार नाही.

“घर तुमचंच आहे. बरसातीही तुमचीच आहे. म्हणून तर तिथं जा म्हणते.”

मी हललो नाही. बसून राहायचं म्हटलं तर मी बसून राहू शकतो, कारखान्यात तीन साहेबांनी ते बघितलंय. सिस्टरही ‘बरं’ म्हणाल्या नाहीत. पहिल्यांदाच म्हणाल्या नाहीत. नुसत्या दारात उभ्या राहिल्या. तेवढ्यात कमळ आतून आली. तोंडाला पदर धरला होता. लांबूनच म्हणाली, “अहो, जा ना. यंदा तरी माझं होऊ दे.”

मी उठलो. रजई घेतली आणि वर गेलो.

वर डॉक्टर आला, पोरगेलाच होता. फ्लू म्हणाला, वयाकडं बघून गोळ्या लगेच सुरू केल्या. मी अजूनही म्हणतो, ती धूळ होती. जेवण सिस्टर आणायच्या, तोंडाला मास्क लावून, दाराशी ठेवून दोन पावलं मागं व्हायच्या. “मिस्त्री, जेवलात का?” “जेवलो.” “खिडकी?” “उघडी आहे.” “किती?” “तुमची बोटं घेऊन या आणि मोजा.” मुलाचा फोन आला. बाबा, त्या बिल्कुल बरोबर सांगतायत, म्हणाला. मी फोन ठेवून दिला.

ताप उतरला, पण कमळजवळ जायची परवानगी नव्हती. संक्रांतीच्या दुपारी मी गच्चीच्या कठड्यापाशी खुर्ची टाकून बसलो. सिस्टरांनी हळदीकुंकू घरात ठेवलंच नव्हतं. समोरच्या छोट्या पार्कात, उन्हात, चटया घातल्या होत्या. मंडळाच्या बायका आल्या. सेक्टरातल्या आल्या, दोघीतिघी गुरुग्रामहून गाडी करून आल्या. पार्काच्या फाटकात सिस्टर उभ्या होत्या. लग्नात पंगतीआधी हातावर पाणी घालतात तसं तांब्यानं पाणी घालत होत्या, साबण देत होत्या. मंडळाच्या अध्यक्षांची बायको नाक पुसत आली. सिस्टरांनी तिच्याशी हसून काहीतरी बोलून तिचा पेला आणि तिळगुळाचा डबा तिच्या हातात दिला आणि तिला परत गाडीत बसवलं. इतक्या गोड बोलल्या असाव्यात की बाई जाताना हात हलवत गेली. चिडली ती घरी पोचल्यावर, असं नंतर कळलं.

कमळ पिवळी साडी नेसून चटईच्या मधोमध बसली होती. वरून तिचा भांग दिसत होता. पेले वाटले तेव्हा एकच गलका झाला. जी ती आपलं नाव बोटानं चाचपून बघत होती. गुरुग्रामची एक तरुण बाई म्हणाली, “अच्छा, माझं एकटीचं नाव? भांड्यावर?” कमळ सिस्टरांना कुंकू लावायला गेली आणि थबकली. सिस्टरांनी मनगट पुढं केलं. कमळनं मनगटावर कुंकवाचं बोट टेकवलं. किटलीतून चहा आला, जिच्या तिच्या नावाच्या पेल्यात.

मग सगळ्या कमळच्या मागं लागल्या, नाव घ्या, नाव घ्या. कमळनं वर बघितलं. मी मान फिरवायच्या आत तिनं घेतलं:

“पेला दिला हातात, तिळगूळ ठेवला वाटीत,
सर्जेरावांना बसवून आले वरच्या बरसातीत.”

सगळा पार्क माझ्याकडं बघून हसला. सिस्टर सगळ्यात मोठ्यानं. मी रागानं बघितलं, पण खुर्ची आत घेतली नाही. तिथंच बसून राहिलो, ऊन जाईपर्यंत.

त्या हिवाळ्यात आम्ही हॉस्पिटल बघितलं नाही. कुणामुळं, ते ज्यानं त्यानं समजावं. पुढच्या दसऱ्याला कमळ सिस्टरांबरोबर सुईला निघाली, तरी रिक्षात आणखी कुणीतरी हवं, म्हणून मी गेलो. गेलोच होतो तर घेऊन टाकली. सिस्टरांनी बघितलं. घरी येईपर्यंत रिक्षातून बाहेर बघत होत्या.

असे काही हिवाळे गेले. मग त्यांच्या गुडघ्यांनी जिना सोडला. मी खालच्या मजल्यावर या म्हणालो, पण नगरला भाची होती, ती बोलवत होती. गेल्या माघात गेल्या. भाचीनं एसीचं तिकीट काढलं होतं. सिस्टरांनी ते बदलून साध्या डब्याचं घेतलं. “एसीत सगळ्यांचा श्वास सगळ्यांनी घ्यायचा. मला नको.”

फरीदाबाद स्टेशनावर गाडी फार थांबत नाही. मी सामान चढवलं, कमळ फलाटावर उभी राहिली. सिस्टरांनी जागेवर बसल्या बसल्या खिडकीची काच वर केली. ती राहीना, खटकन खाली यायची. मी खिशातून ठोकळा काढला. नवा केला होता, शिसवीचा, त्यांच्या मापाचा. काचेखाली ठेवला. बसला.

सिस्टरांनी शेजारी दोन बोटं धरून बघितली. बरोबर होता.

“बरं,” म्हणाल्या. यावेळी ते नुसतंच ‘बरं’ होतं.

समोरच्या बाकावरचा माणूस शालीतून कुरकुरला, “माताजी, ठंड आ रही है.”

“अच्छा,” सिस्टर त्याला म्हणाल्या आणि पिशवीतून पेला काढला.

मी उतरलो. गाडी हलली. धुकं होतं, सगळ्या डब्यांच्या खिडक्या घट्ट लावलेल्या. एकामागून एक गेल्या. त्यांचा डबा पुढं गेला तेव्हा खिडकीच्या फटीतून बोटं बाहेर आली, दोनच, आणि हलली. मग धुक्यात ती फट तेवढी थोडा वेळ दिसत राहिली.

कमळनं माझी बाही ओढली. “अहो, चला आता. गारठा बाधेल.”

“गारठ्यानं काही होत नाही,” मी म्हणालो.